गावातला धंदा चंद्रपूरला हलवायचाय? लोक नेहमी विचारतात ते प्रश्न आणि त्याची उत्तरं

मूल, सिंदेवाही, पोंभुर्णा, कोरपना, तिकडून वणी-मारेगाव, सगळीकडचे पोरं आजकाल हाच विचार करून राहिले की गावात धंदा पुरत नाही, चंद्रपूरला कोळसा आहे, वीज केंद्र आहे, तिकडं जाऊन पाहू. मी मूल तालुक्यातून वेल्डिंग अन हायड्रॉलिक होजचं, म्हणजे मशीनच्या तेलाच्या प्रेशर पाइपचं, काम चंद्रपूरजवळच्या पडोलीकडे आणलं म्हणून ओळखीचे लोक मलेच फोन करतात. तेच तेच प्रश्न येतात, तर एकदाच नीट लिहून टाकतो. ज्याला जे लागेल ते वाचा.

चंद्रपुरात पैसा नेमका येते कुठून?

हे आधी समजून घ्या, बाकीचं सगळं त्याच्यावरच आहे. ऊर्जानगरचं महाऔष्णिक वीज केंद्र आज २९२० मेगावॉटचं आहे, म्हणजे ५०० मेगावॉटचे पाच संच अन २१० चे दोन. १९८३ ला पहिला संच सुरू झाला होता, ते जुने पहिले दोन संच आता बंद झाले. या केंद्राला कोळसा लागते अन तो आजूबाजूच्या वेकोलिच्या, म्हणजे सरकारी कोळसा कंपनी वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणीतून येते, दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा, माजरी, वणी. गडचांदूर-आवारपूरकडे सिमेंटचे कारखाने, त्यालेही कोळसा पाहिजे. बल्लारपूरची पेपर मिल वेगळी.

पण तुमच्या हातात जो पैसा येईल तो वेकोलिचा किंवा महानिर्मितीचा (वीज केंद्र चालवणारी राज्याची कंपनी) डायरेक्ट क्वचितच असते. खाणीत ओबी काढायचं, म्हणजे कोळशाच्या वरची माती-दगड काढायचं काम मोठ्या कंत्राटदाराकडे असते, त्याच्या खाली टिप्परवाले, त्याच्या खाली डिझेल, टायर, होज, वेल्डिंग, मेस, पाण्याचा टँकर. आपण या साखळीत तिसऱ्या चौथ्या कडीला बसतो. म्हणून मी प्रत्येकाला एकच गोष्ट सांगतो: तुमचं गिऱ्हाईक कोण हे तर पाहाच, पण तुमच्या गिऱ्हाइकाचं बिल कोण काढते, किती दिवसात काढते अन ते काम किती वर्षं चालणार हे पाहा. ते कळलं की हलवायचं का, किती हलवायचं, कुठं हलवायचं, अर्ध्या प्रश्नाची उत्तरं तिथंच मिळतात.

माझा धंदा तिकडं चालेल का?

धंद्यावर आहे. होज क्रिम्पिंग (पाइपाला टोक दाबून बसवणं), लेथ, वेल्डिंग-फॅब्रिकेशन, मोटर रिवाइंडिंग, टायरचं काम, बॅटरी, रेडिएटर, मेस-टिफिन, सेफ्टी शूज, गमबूट, रेनकोट, लॉन्ड्री, चारचाकी भाड्यानं देणं, हे चालते, कारण खाणीत अन केंद्रात मशीन रात्रंदिवस चालतात अन मोडतात. एक टिप्पर उभा राहिला की मालकाचं रोजचं नुकसान होते, त्याला रात्री दोन वाजता होज पाहिजे असते, तो भाव करत बसत नाही, लवकर देणारा माणूस पाहते. तुम्ही रात्री फोन उचलणारे असाल तर या शहरात तुमचं काम जमते, नसाल उचलत तर नाही जमत, सरळ सांगतो.

राईस मिल मात्र हलवू नका भाऊ. मूल-सिंदेवाही-सावली धानाचा पट्टा आहे, धान तिथं पिकते, मिल तिथंच पाहिजे. जिनिंगचंही तसंच, वरोरा-राजुरा-वणीत कापूस आहे तिथंच ते बरं. कृषी केंद्र, दूध, गावातली आटाचक्की, हे तर गावचेच धंदे, गिऱ्हाईक गावात अन दुकान शहरात असं कसं चालेल.

फ्लाय ॲशच्या, म्हणजे वीज केंद्राच्या राखेच्या, विटांचं खूप जण विचारतात. धंदा खरा आहे. २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक केंद्रांना त्यांच्या राखेचा १०० टक्के वापर करून दाखवावा लागते, म्हणजे राख उचलणारा माणूस त्यांनाही पाहिजेच आहे. पण राख मिळाली म्हणजे धंदा झाला असं नाही, विटेचा खर्च खरा वाहतुकीत जाते. तुमचं गिऱ्हाईक मूलकडचं घरकुल बांधणारं असेल तर कारखाना शहरात कशाला, राख तिकडं आणता येते का ते आधी मोजा, नाहीतर वजनदार वीट परत पन्नास किलोमीटर वाहून न्याल.

सगळाच धंदा हलवायचा का थोडा?

थोडा. माझं मत पक्कं आहे याच्यावर. जे काम कोळशावर चालते तेवढंच इकडं आणा, गावातलं जे गिऱ्हाईक बाप-आजापासून आहे त्याला तिथंच राहू द्या, भाऊ असेल, पुतण्या असेल, त्याच्या हातात द्या. ट्रॅक्टरची ट्रॉली, नांगराचे फाळ, बंडीचं काम यात पैसा कमी आहे पण हंगामाला रोख येते, अन शहरातलं बिल अडकलं की तेच पैसे घर चालवतात. मूलवरून चंद्रपूर काही दूर नाही, एसटी आहे, गोंदिया-बल्लारशाह लाईनची गाडीही मूलवरूनच जाते, सुरुवातीचे काही महिने जाऊन-येऊन करता येते.

बिल किती दिवसात निघते? लोक म्हणतात पैसे अडकतात.

हाव, अडकतात. हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे अन याच्यावरच चांगले चांगले कारागीर बसले, काम येत होतं तरी बसले.

कसं होते ते पाहा. खाणीत काम झालं की मोजमाप होते, एमबी, म्हणजे मोजमापाची वही, भरली जाते, मग झाल्या तेवढ्या कामाचं रनिंग बिल बनते, ते वरच्या ऑफिसात जाते, पास होते, कंत्राटदाराच्या खात्यात येते, त्याच्यातून तो आधी डिझेल अन गाड्यांचे हप्ते भरते, मग मजुरी, अन मग शेवटी तुमचं. वरती एक कागद अडला की खाली सगळे थांबतात. वरून सिक्युरिटी डिपॉझिट कापतात, ते काम संपल्यावर सुटते. म्हणून इकडं यायच्या आधी कमीत कमी तीन-चार महिन्यांचा माल, भाडं, मजुरी अन घरखर्च निघेल एवढी रक्कम बाजूला ठेवा, ही रक्कम मशीनमध्ये घालू नका, कितीही मोह झाला तरी.

कायदा तुमच्या बाजूनं आहे, तो वापरा. २००६ च्या एमएसएमई कायद्यात सूक्ष्म अन लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसात अन करार नसेल तर १५ दिवसात द्यायचे आहेत, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागते. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर होते. अन २०२३-२४ या वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये कलम ४३बी(एच) आलं, त्याच्यामुळे मुदतीत पैसे दिले नाही तर माल-काम घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, म्हणून मार्च आला की कंत्राटदाराचा सीए स्वतःच विचारते की कोणाचे पैसे बाकी आहेत. पण याच्यासाठी तुमची उद्यम, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी, नोंदणी पाहिजे, ती बिलावर छापलेली पाहिजे, अन नोंदणी उत्पादन किंवा सेवा म्हणून पाहिजे. नुसता व्यापार असेल, माल घेतला अन विकला, तर उद्यममध्ये नाव लागते पण ४५ दिवसाचा हा फायदा व्यापाऱ्याला नाही, तो फक्त बँकेच्या कर्जापुरता आहे. होज विकणारा व्यापारी धरला जाते, होज कापून क्रिम्प करून बसवून देणारा सेवा देते. बिल कसं बनवता ते सीएला विचारूनच ठरवा.

बाकी रोजचे नियम सांगतो. तोंडी ऑर्डर घेऊ नका, व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. गाडीचा नंबर, तारीख अन सुपरवायझरची सही असलेली चिठ्ठी प्रत्येक कामाला. एका कंत्राटदाराकडे उधारी किती वर जाऊ द्यायची त्याची हद्द आधीच ठरवा अन ती पार झाली की हात जोडून काम थांबवा, संबंध बिघडतील म्हणून लोक थांबवत नाहीत अन मग तो कंत्राटदार काम संपवून दुसऱ्या राज्यात निघून जाते, मशीन ट्रेलरवर चढलेली दिसते तवा कळते.

वेकोलि किंवा वीज केंद्राचं काम डायरेक्ट घेता येते का?

येते. जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर नोंदणी करा, टेंडर पाहत जा. केंद्र सरकारच्या कंपन्यांना २०१२ च्या खरेदी धोरणानं एकूण खरेदीतले २५ टक्के सूक्ष्म-लघु उद्योगाकडून घ्यायचे आहेत, त्यात ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या अन ३ टक्के महिला उद्योजकांसाठी आहे. उद्यम असेल तर ईएमडीची, म्हणजे टेंडरसोबत भरायच्या अनामत रकमेची, सूट मिळते. गावाकडच्या आपल्या ताया मसाला-पापडात अडकून राहिल्या, त्यांनी युनिफॉर्म शिलाई अन हातमोज्याकडे पाहावं असं मले मनापासून वाटते. लहान टेंडरपासून सुरू करा, अनुभवाचा दाखला मिळाला की पुढचं सोपं जाते.

जागा कुठं घ्यावी?

पहिल्या वर्षी भाड्यानंच. पडोली चौक अन तिथून घुग्घुस रोड हा गाड्यांच्या कामाचा भाग आहे, टिप्परवाला तिथं थांबतेच. मेस असेल तर दुर्गापूर-ऊर्जानगर-तुकूम, सिमेंटचं काम असेल तर सरळ गडचांदूर, चंद्रपुरात बसून काय फायदा. एमआयडीसीचा प्लॉट चंद्रपूर, ताडाळी, घुग्घुस, वरोरा, मूल अशा ठिकाणी आहे, पण तो ९५ वर्षांच्या लीजवर असते, तुमच्या मालकीचा होत नाही, मुदतीत बांधकाम करावंच लागते. दुसऱ्याचा रिकामा प्लॉट घ्यायचा तर ट्रान्सफरचे पैसे वेगळे लागतात.

अन जमीन विकत घेणार असाल तर घाई नका करू, इथं सातबारा पाहून भागत नाही. एक तर ती जमीन कोळशासाठी नोटिफाय झाली का ते पाहा, कोल बेअरिंग एरिया कायदा १९५७ चा आहे, त्याच्या कलम ४, ७ अन ९ च्या सूचना निघतात, कलम ९ झालं म्हणजे जमीन गेलीच समजा. वेकोलिच्या त्या एरिया ऑफिसात अन तलाठ्याकडे दोन्हीकडे विचारा. दुसरं, खालून जुनी भूमिगत खाण गेली का ते पाहा. ऑगस्ट २०२२ मध्ये घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गेलं, नशीब घरातले लोक बाहेर निघाले होते, त्याच्यानंतर तिथली घरं रिकामी करायला लावली. लालपेठ, बल्लारपूर, घुग्घुस, जिथं जिथं जुन्या खाणी आहेत तिथं जड मशीनचा पाया टाकायच्या आधी जुन्या लोकांना विचारा, त्यांना खालचे बोगदे माहीत असतात. तिसरं, आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीनं शासनाच्या परवानगीशिवाय घेताच येत नाही, कोणी म्हणेल करारनामा करून देतो, बाँडवर लिहून देतो, तर उठून यायचं. चौथं पाणी. इरई अन झरपटच्या काठच्या सखल वस्त्यांत, रहमतनगरसारख्या, वर्धा नदी फुगली की मागून पाणी चढते. पावसाळ्यात एकदा जाऊन डोळ्यानं पाहून या, उन्हाळ्यात सगळेच प्लॉट चांगले दिसतात.

वीज केंद्र बाजूलाच आहे तर लाईट स्वस्त असेल ना?

नाही. महावितरणचा दर वीज नियामक आयोग ठरवते अन तो मूलमध्ये जो तोच चंद्रपुरात, शहर केंद्राजवळ आहे म्हणून एक पैसाही कमी होत नाही. उलट नवीन कनेक्शनचं डिपॉझिट भरावं लागेल. जुन्या जागेचं मीटर रीतसर कायमचं बंद करून पीडीचा, म्हणजे कनेक्शन कायमचं तोडल्याचा, कागद घ्या अन डिपॉझिट परत मागा, नाहीतर तिथं पुढं कोणी वीज वापरली तर थकबाकी तुमच्या नावानं निघेल.

कागदपत्रं काय काय बदलायचे?

जीएसटीत राज्य तेच असल्यानं नंबर बदलत नाही, फक्त पत्ता बदलायचा, बदल झाल्यापासून १५ दिवसात अर्ज करायचा. मी म्हणेन की आधी नवीन जागा ॲडिशनल प्लेस म्हणून टाका, मशीन तिकडं नेल्यावर मग मुख्य जागा बदला, म्हणजे मधल्या काळात माल दोन्हीकडे ठेवता येते. मशीन हलवताना विक्री नसली तरी डिलिव्हरी चलन लागते अन महाराष्ट्राच्या आत एक लाखाच्या वर किंमत असेल तर ई-वे बिलही लागते, रस्त्यात गाडी अडवली तर तोच कागद कामी येते. उद्यममध्ये नवीन नोंदणी नका करू, एका उद्योगाला एकच नोंदणी असते, त्याच्यातच नवीन जागा जोडा. शॉप ॲक्टमध्ये वीसपेक्षा कमी माणसं असतील तर नुसती सूचना द्यायची, वीस किंवा जास्त असतील तर नोंदणी. मेस-टिफिनवाल्यांनी लक्षात ठेवा, एफएसएसएआयचं, म्हणजे खाद्यपदार्थाचं, लायसन्स जागेवर असते, जागा बदलली की नवीन काढा. प्रदूषण मंडळाची संमती लागते का तेही आधीच पाहा, चंद्रपुरात त्याच्यावर जास्त लक्ष असते.

दोन गोष्टी लोक हमखास विसरतात, म्हणून वेगळ्या लिहितो. मशीनवर बँकेचं कर्ज असेल तर ते बँकेकडे तारण आहे, बँकेला लेखी कळवल्याशिवाय ते हलवायचं नाही. अन आगीचा विमा पत्त्यावर असते, पॉलिसीवर गावचा पत्ता अन आग चंद्रपुरात लागली तर क्लेम कशाचा मिळणार. ज्या दिवशी मशीन हलते त्याच्या आधी विम्याचा पत्ता बदलून घ्या, रस्त्याचाही विमा निघते.

हलवल्यावर सबसिडी मिळते का?

पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, अन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम, दोन्ही नवीन उद्योगासाठी आहेत, चालू धंदा उचलून दुसरीकडं नेला तर तो नवीन होत नाही. उलट पीएमईजीपीत ग्रामीण भागात सबसिडी जास्त आहे, सर्वसाधारण गटाला २५ टक्के अन विशेष गटाला (महिला, अनुसूचित जाती-जमाती वगैरे) ३५, शहरात तेच १५ अन २५. म्हणजे घरच्या कोणाच्या नावानं नवीन युनिट टाकायचं असेल तर महापालिकेच्या हद्दीच्या बाहेरचं गाव पाहा, चंद्रपूरजवळ अशी गावं आहेत. अन आधीच घेतली असेल सबसिडी, तर ती रक्कम तीन वर्षं बँकेत अडकून असते, तेवढ्यात युनिट हलवायचं असेल तर आधी बँकेत बोला. जिल्हा उद्योग केंद्रात एकदा स्वतः जा, एजंटला पैसे देऊ नका, उद्यमची नोंदणी तर फुकटच आहे.

माणसं मिळतील का? गावातले पोरं नेले तर टिकतील का?

मिळतात, पण गावच्या मजुरीत नाही. वेकोलिच्या खाणीत कंत्राटी कामगारालाही कोल इंडियानं ठरवलेली मजुरी लागू आहे अन ती राज्याच्या किमान वेतनाच्या वर आहे. हातात कला असलेला वेल्डर तुमच्याकडं सहा महिने शिकते अन मग तिकडं जाते, त्याला दोष देऊन फायदा नाही, त्याच्याही घरी लेकरं आहेत. राहायची सोय, जेवण अन वेळेवर पगार दिला तर गावचे पोरं टिकतात.

खाणीच्या आत काम करायचं असेल तर प्रत्येक माणसाची मेडिकल तपासणी अन व्हीटीसी या खाणीच्या ट्रेनिंग सेंटरचं ट्रेनिंग झाल्याशिवाय गेटपास बनत नाही, याच्यात दिवस जातात, काम घेतानाच ते धरा. सेफ्टी बूट-हेल्मेटशिवाय आपला माणूस आत पाठवू नका, कंत्राटदार म्हणेल पाच मिनिटाचं काम आहे, तरी नाही. अन ऊर्जानगर-दुर्गापूर भागात वाघ-बिबट खरोखर फिरतात, माणसं मेली आहेत, रात्रपाळीच्या पोराला एकट्यानं सायकलवर पाठवायचं नाही.

हवा खराब आहे म्हणतात, लेकराबाळांना न्यावं का?

खराब आहे. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या प्रदूषित भागांच्या २००९ च्या यादीत चंद्रपूर ८३.८८ गुणांनी देशात चौथं होतं, त्याच्यानंतर २०१० मध्ये नवीन मोठ्या उद्योगांवर बंदीच आली होती. २०१८ च्या मोजणीत ७६.४१ होते, कमी झाले पण अजूनही गंभीरच. उन्हाळ्यात पारा ४५-४७ पर्यंत जाते, पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी वेल्डिंग होत नाही, कामाची वेळ पहाटे अन रात्री करा. घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं लेकरू असेल तर धंदा इकडं अन घर गावात, असंच करा. शाळा-कॉलेजसाठी मात्र शहर चांगलं आहे, सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, २०१५ पासून सरकारी मेडिकल कॉलेजही आहे, मोठी लेकरं असतील तर त्यांना फायदा होते.

किराणा, कपडा, मोबाईलचं दुकान असेल तर?

खाणीच्या अन वीज केंद्राच्या कॉलनीतल्या कामगारांचा पगार महिन्याच्या सुरुवातीला होते, त्या दिवसांवर दुकान चालते. दसऱ्याच्या आधी वेकोलिच्या कायम कामगारांना बोनस मिळते, २०२४ मध्ये तो प्रत्येकी ९३,७५० रुपये होता, त्या आठवड्यात घुग्घुस-बल्लारपूरच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. चैत्रात महाकालीची यात्रा असते. बाकी वेळ साधारण. ज्या कॉलनीजवळ दुकान टाकता तिथले कामगार रिटायर होऊन राहिले का, नवीन भरती आहे का, एवढं विचारा, रिकामे क्वार्टर मोजले तरी कळते.

कोळसा संपला किंवा खाण बंद झाली तर?

एका खाणीवर धंदा उभा करू नका हेच उत्तर. सप्टेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं २०४ कोळसा ब्लॉक रद्द केले, त्याच्यात भद्रावतीजवळची बरांजची खाण बंद पडली अन काही वर्षं बंदच राहिली. कामगारांचे हाल सगळ्यांनी पाहिले, पण त्यांच्यासोबत चहाटपरी, पंक्चर, मेस, खोल्या भाड्यानं देणारे सगळे बसले, त्यांच्यासाठी कोणी मोर्चा काढला नाही. वीज केंद्राचंही तसंच, संच जुना झाला की बंद होते, पाणी नसलं तरी बंद होते, २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सौरऊर्जाही वाढून राहिली. चंद्रपूर उद्या बंद होते असं मी म्हणत नाही, नवीन खाणी अजून उघडून राहिल्या, पण तुमच्या समोरची खाण किती वर्षाची आहे हे एरिया ऑफिसात अन खाणीतल्या जुन्या सरदाराला, म्हणजे देखरेख करणाऱ्या माणसाला, विचारता येते. माझं धोरण असं आहे की निम्म्याहून जास्त काम एका कंत्राटदाराकडून नको, अन मशीन अशी घ्यायची की जी सिमेंट, राईस मिल, ट्रॅक्टर, जेसीबी सगळ्यांच्या कामी येईल. फक्त खाणीतच चालते असं महागडं मशीन कर्जावर घेऊ नका.

कोणत्या महिन्यात हलवावं?

दिवाळी झाली की. पावसाळ्यात ओबीचं काम मंदावते, रस्ते चिखलाचे असतात, अन मेस असेल तर तेवढं सोडून बाकी सगळ्यांना मंदी असते. नोव्हेंबरपासून काम वाढत जाते, मार्चपर्यंत टार्गेट पूर्ण करायची घाई असते, जुनी बिलंही मार्चमध्येच जास्त निघतात. नोव्हेंबरात आलात तर पहिल्या पाच महिन्यात कोण पैसे देते अन कोण नाही हे कळून जाते, अन नाही जमलं तर धानाच्या रोवणीच्या आधी गावातलं दुकान परत पूर्ण उघडता येते, म्हणून गावचं भाड्याचं घर किंवा शेड तोपर्यंत सोडू नका.